सात पाव पावणेदोन

कापसाला सोन्याचा भाव आला, तसे वलगावचे पंतोजी शाळा मोडून वखारीत तोलारी करायला गेले. तेव्हापासून नत्थुजी पोराला ओसरीवर बसवून स्वतःच पावकीचा पाढा शिकवत होते. महिना झाला, पोरगं रोज "सात पाव पावणेदोन"वर येऊन गप्प व्हायचं. आज त्यांनी छडीच उचलली.

"गधड्या, समोरचं काहून येत नाही तुले?"

सरकी काढता काढता गोदाबाई म्हणाली, "अवो, शिकवलं तेवढं येते त्याले. सातावर आले का तुमीच उठता."

"मी कायले उठीन?"

रस्त्यावर बैलांची घुंगरं वाजली. नत्थुजींनी छडी खाली ठेवली.

"अमरावतीहून गाड्या वापस आल्या वाटते. भाव काय लागला, इचारून येतो. तू म्हण रे तवर, सात पाव पावणेदोन."