गंगेचा दुसरा अर्थ

मुलीचं नाव ऐकताच तिला पाहायला आलेला मुलगा फिस्सकन हसला आणि रघुपतरावांच्या घशात उप्पिट्टूचा घास अडकला. बसवनगुडीच्या देवळात गंगावतरणाचं कीर्तन रंगलं त्याच दिवशी लेक जन्मली, म्हणून केवढ्या भक्तीनं ठेवलेलं नाव, गंगा!

"हसायला काय झालं?"

मुलगा, विश्वेश्वर, कोलारच्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर होता, बोटीनं स्पेनला जाऊन शिकून आलेला. "क्षमा करा हं. तिकडे खाणीतली माणसं सोन्याला चिकटून आलेल्या टाकाऊ दगडाला 'गंगा' म्हणतात. सोनं ठेवायचं, गंगा फेकायची."

रघुपतराव ताडकन उठले. सोन्यासारखं स्थळ जातंय तर जावो, पण गंगामाईची निंदा या कानांनी ऐकायची नाही! ते दाराकडे बोट दाखवणार, तोच लेक शांतपणे म्हणाली, "अण्णा, स्वल्प थांबा. गंगा तर ही इथं बसलीय. सोनं कुठंय, ते विचारा यांना."

मुलाच्या आईनं हसू लपवायला पदर तोंडाशी धरला.

विश्वेश्वरनं कपाळ पुसलं. "त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगायचा राहिलाच. तिकडच्या चिकपेटेत, म्हणजे बाजारपेठेत हो, 'गंगा' म्हणजे नशिबानं स्वस्तात हाती लागलेला अस्सल माल."

आता मात्र लेकीनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बसा अण्णा," ती म्हणाली. "आणि यांना सांगा, स्वस्तात मिळायची नाही."