नऊ पावलं

पलटणीतल्या शिपायानं पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं ओसरीवर ठेवलं. बिलोलीला एसटीतून उतरून तो तीन कोस चालत आला होता. गुरम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"आई, नदी पार करायचं शिकवत होते. दोर तुटला. शरणप्पा वर आलाच नाही," शिपाई म्हणाला. "लढाईची धांदल. तिथंच अग्नी दिला. मानानं दिला."

"अग्नी?" गुरम्मा म्हणाली.

लिंगायताच्या घरात माणसाला जाळत नाहीत. भस्म लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, मांडी घातलेला तसाच मातीत बसवतात. शरणप्पाचा बाप, मलप्पा, खांबाला टेकून बसला होता. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

गावचे जंगम रेवणसिद्ध स्वामी आले. मडक्याकडं बघत राहिले. "नांदेडला नेऊन गोदावरीत सोडा. दुसरं काय करता?"

"बसवा त्याला. आज्याच्या शेजारी."

"गुरम्मा, खड्डा ज्याचा त्याच्या पावलानं मोजतेत. नऊ पावलं. राखेला पाऊल कुठलं आणू मी?"

गुरम्मा उठली. शिडी लावून माळवदावर चढली.

रोहिणीत तिनं तिथं पांढरी माती थापली होती. शरणप्पा भरतीला निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. माती ओली, अन् हा उगीच वर आला, वारं खायला. "मुडद्या, पावसात गळंल की घर," ती करवादली होती. तो हसत दोन उड्यांत खाली. पाऊस आलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पोळ्याला बैलांच्या पाठीसुद्धा भिजल्या नाहीत. पाऊल उमटलं तसंच होतं, पाची बोटांसकट.

गुरम्मा त्याच्यापाशी बसली. लुगड्याचा काठ फाडला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणून धरला आणि गाठ मारली.

खाली येऊन तिनं ती चिंधी स्वामींच्या हातात दिली. स्वामींनी ती कपाळाला लावली, मलप्पाच्या भाच्याला, व्यंकटीला, हाक मारली.

व्यंकटीनं नऊ वेळा चिंधी टाकली, रेघ ओढली, कुदळ उचलली. भुई दगड झालेली. "कुदळच मागं फिरून राहिली, मामी," तो म्हणाला. शिपायानं बूट काढले आणि फावडं घेऊन त्याच्या जोडीला उतरला. दोघं दुपारभर खणत होते.

उन्हं कलली तेव्हा व्यंकटी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आज्याच्या समाधीकडं त्यानं एकदा पाहिलं, एकदा पायाखाली.

"मामी, म्हाताऱ्याच्यापेक्षा हातभर कमी भरलाय. गाठ चुकली का काय?"

"असंल," शिपाई म्हणाला. "एकोणीस वर्षांचा गडी होता तो."

"गाठ बरूबर हाय," गुरम्मा म्हणाली. "सोळावं लागलं हुतं त्याला. कागदावर आम्ही थोरला केला. म्हणलं, तिथं पोटभर खायाला भेटंल."