येशूच्या आजीच्या दारी

सायकलवाला शशिकांतना दिसला तो थेट उजव्या आरशात. म्हणजे गाडी त्याला खेटून पुढे निघून आली होती आणि यांना पत्ताच नव्हता! भडक पिवळं जाकीट, चांगला सहा फुटी माणूस. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे बघायचं टाळलं.

"अहो, तो बघा चर्चचा कळस," जयंती म्हणाली. "थांबूया."

"पुन्हा? अगं, सकाळपासून हे चौथं!"

"तीर्थयात्रेलाच निघालोय ना? मग?"

दोघं लंडनहून आलेली, आपल्या कॅनडातल्या, ऑन्टारिओतल्या लंडनहून. नदीकाठच्या जुन्या रस्त्याने गावोगावची चर्चेस बघत, क्युबेक सिटीचं कॅथेड्रल करून, संध्याकाळपर्यंत सेंट अॅनच्या तीर्थाला पोचायचं होतं. बेत जयंतीचा. एरवी ही बाई देवळात जायची ती गणपतीत, आणि तेही मोदकांसाठी. आज मात्र एक कळस सोडत नव्हती. प्रत्येक ठिकाणी मेणबत्ती लावायची, बाकावर ठाण मांडायचं आणि नवऱ्याला सांगायचं, "बसा हो वीस मिनिटं, डोळे मिटून." शशिकांत कुरकुरत बसायचे. डोळे मात्र आनंदाने मिटायचे.

कारण डोळ्यांचीच तर भानगड होती. तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढणार. गाडी चालवणं स्वतःहून थांबवा, नाहीतर मला लायसन्सवाल्यांना कळवावं लागेल. शशिकांत घरी आले आणि जयंतीला म्हणाले, "वयाच्या मानाने डोळे झकास आहेत म्हणाल्या."

सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने असं खोटं बोलावं? पण बोलले खरे. एडमंटनच्या उणे चाळीस अंशांच्या थंडीत गाडी चालवलेला माणूस हा. मराठी मंडळात नवं कुणी आलं की विमानतळावर न्यायला शशिकांतच. किल्ली खाली ठेवली की आपण म्हातारे झालो, दुसऱ्यांच्या सवडीने जगायचं, एवढंच त्यांना दिसत होतं. शिवाय जयंतीची धाव ग्रोसरीच्या दुकानापर्यंत. हायवे तुला जमायचा नाही, हे त्यांनीच तिला चाळीस वर्षं ऐकवलेलं. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

सेंट अॅनला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आत शिरताच खांबांवर कुबड्या आणि काठ्या टांगलेल्या दिसल्या. बऱ्या झालेल्या लोकांनी इथे सोडून दिलेल्या. जयंतीने माहितीपत्रक वाचलं.

"सेंट अॅन म्हणजे मेरीची आई. येशूची आजीच की हो! बरं झालं, आजीपाशी संकोच नको." मग ती बाकावर टेकली. "आमचे आई-अप्पा काशीला गेले तेव्हा आवडीचं एकेक सोडून आले होते. आपलं काही आता काशीला जाणं होत नाही. इथेच सोडू."

"मी कारलं सोडलं," शशिकांत तत्परतेने म्हणाले.

"अगंबाई! कधी खाल्लंयत कारलं? आवडीचंच सोडायचं असतं. आणि तीर्थावर सोडलं की का सोडलं म्हणून कुणी विचारायचं नसतं."

तेवढ्यात बाकांच्या रांगेतून एक चिमुरडी धावत आली आणि शशिकांतांच्या गुडघ्यावर आदळली. खिदळली आणि पळाली. ते मात्र बसल्या जागी गार पडले. एवढीशी पोर, अगदी समोरून आली, आणि दिसली नव्हती. इथे गुडघा होता. रस्त्यावर बंपर असता.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि जयंतीच्या तळहातावर ठेवली.

"मी गाडी सोडली," ते म्हणाले. मग तिने न विचारताच त्यांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई, डाग, सायकलवाला, सगळं.

जयंती आता फैलावर घेणार, याची ते वाट बघत राहिले. तिने नुसती मूठ मिटली आणि लांब श्वास सोडला.

"पण परत कसं जायचं गं? हजार किलोमीटर आहे."

"मी नेते. तीन दिवस लागले तर लागू देत."

"हायवेवरून?"

"एप्रिलपासून जावईबापू शिकवतायत. फोर-ओ-वन हायवेवर, ट्रकांच्या मधून. पोरीचंही म्हणणं होतं की तुमच्याकडून किल्ली काढून घेऊया. मीच म्हटलं, खबरदार! ते स्वतः देतील."

शशिकांतना वाटलं, आता आपल्याला राग येईल. पण छातीवरचा दगड असा काही उतरला होता की त्यांना हसूच आलं. हसता हसता डोळे पुसावे लागले.

बाहेर येऊन जयंतीने सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, गाडी अलगद रस्त्याला लावली. शशिकांत पहिल्यांदाच डावीकडे बायको ठेवून बसले होते. पाय लांब करायला इकडे भरपूर जागा होती. थोड्या वेळाने त्यांना आठवलं.

"आणि तू काय सोडलंस?"

"तुम्ही आत्ता बसलायत ना, तिथे बसून वर्षभर नसलेला ब्रेक दाबत होते," जयंती म्हणाली. "ते सोडलं."