नकाशावरचे एकोणीस ठिपके

“श्वास घे गं माझे बाई, एक तुझा, एक माझा…” लहानपणी घसा धरला की आई छातीवरून हात फिरवत असं काहीबाही गुणगुणायची. इतक्या वर्षांनी तो आवाज आज सकाळपासून सिस्टरच्या कानात घुमत होता. तिकडे हॉस्पिटलात दादाची पाच वर्षांची चिमणी नळीतून श्वास ओढत होती, आणि इकडे तिची आत्या आरोग्य केंद्रातल्या कॉम्प्युटरपुढे ठिपके मांडत बसली होती.

घशाची साथ येऊन दोन आठवडे झाले होते. एकोणीस जण आजारी. साथ कुठून सुटली ते कळलं, तर त्या माणसाच्या संपर्कातल्या घरांना आधीच औषध देता आलं असतं. औषध आलं होतं चाळीस घरांपुरतं. चुकीच्या दारी गेलं, तर दुसरं यायला आठवडा.

प्रत्येक आजाऱ्याच्या दाराशी उभं राहून सिस्टरने फोनवरून अक्षांश-रेखांश टिपले होते. ते आकडे आजारी पडल्याच्या तारखेसह शीटमध्ये भरले, त्यांचा ठिपक्यांचा आलेख काढला, आणि आलेखाच्या मागे गावाच्या नकाशाचं चित्र बसवलं. पहिल्या खेपेला सगळी आजारी माणसं नदीत जाऊन पडली. मग तिने आलेखाच्या चारी कडांना नकाशाच्या कोपऱ्यांचे आकडे घालून त्या बांधून टाकल्या, तेव्हा कुठे एकेक ठिपका आपापल्या छपरावर जाऊन बसला.

“अरे बापरे, नकाशाला कांजिण्या आल्या की काय?” ड्रायव्हरमामा चहाचा कप ठेवत म्हणाले.

ती हसली नाही.

“सिस्टर, आवाज अजून बसलेलाच तुमचा?”

“दारोदार ओरडून बसतो, मामा.”

“जपा. पुढच्या महिन्यात नोकरीत कायम होताय. वर्षभरात एक रजा नाही म्हणे! आमचं तोंड गोड करायला विसरू नका.”

तिने कप उचलला. बशीत चहा सांडला. ते मामांनी पाहिलं आणि चिमणीच्या काळजीने असेल म्हणून गुपचूप बाहेर गेले.

डॉक्टर आले ते उभ्यानेच पडद्यावर वाकले. “वा! हे बघा, बारा ठिपके पाळणाघराभोवती. सांगायला नको.”

“सगळेच तिथले नाहीत, डॉक्टर.”

“बारा आहेत ना? पाळणाघराला आजच कुलूप. औषध तिथल्या पोरांच्या घरी.”

“आणि वरच्या आळीतली तान्ही बाळं?”

“तिथे एक तरी ठिपका आहे का?”

“नाही.”

“मग? भीतीपोटी औषध वाटायला निघालो तर गावाला पुरायचं नाही.”

तेवढ्यात दार ढकलून पाळणाघराच्या मावशी आत आल्या. कपाळावर पट्टी, पदराला रक्ताचा डाग.

“अठरा वर्षं लोकांची पोरं अंगाखांद्यावर वाढवली, डॉक्टर. काल त्यांच्याच बापांनी, साथ माझ्यामुळे आली म्हणत, दगड मारले.” मग त्या सिस्टरकडे वळल्या. “तुम्ही तरी सांगा ना! दर आठवड्याला येता, एकेकाला उचलून काट्यावर ठेवता. कधी दिसली घाण माझ्याकडे?”

“नाही, मावशी.”

“मावशी, माझा इलाज नाही,” डॉक्टर म्हणाले. “नकाशा बोलतोय.”

मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या.

सिस्टरचा फोन वाजला. दादा होता.

“अगं, नळी बदलली. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस काढला तर…” त्याचा आवाज फुटला. “मघाशी डोळे उघडून तुलाच विचारत होती. त्या रविवारी तुझ्या मांडीवर बसून, तुझ्याच ताटात जेवली ना, तेव्हापासून आत्या-आत्याच चाललंय. येशील ना?”

“येते.”

तिने फोन ठेवला. बाहेर मामांनी गाडी सुरू केली. औषधाची खोकी गाडीत चढली.

डॉक्टर कुलपाच्या आदेशावर सही करता करता थांबले. “हा एकटाच ठिपका कुणाचा? पार गावाबाहेर.”

“चिमणीचा.”

“तुमची भाची? ती पाळणाघरात जायची?”

“कधीच नाही.”

“मग तिला कुणाकडून लागलं?”

मावशींनी मान वर केली.

सिस्टरने माऊस हातात घेतला. शीटच्या डाव्या कडेला ओळींचे आकडे होते: एक, आणि त्याखाली लगेच तीन. तिने दोन्ही ओळी निवडल्या, उजवं बटण दाबलं, आणि लपवलेली ओळ दाखवा, असं सांगितलं. मधली ओळ उलगडली. त्याबरोबर नकाशावर आरोग्य केंद्राच्या मागच्या बाजूला विसावा ठिपका उमटला.

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. “ही तारीख तर सगळ्यांच्या आधीची. आणि ही जागा… हे आपले क्वार्टर्स आहेत. कोण आजारी होतं इथे?”

“मी,” सिस्टर म्हणाली. “अंगात ताप होता, तरी गोळ्या घेऊन कामावर येत राहिले. पाळणाघर, ही एकोणीस घरं, वरच्या आळीतली ती सगळी बाळं… सगळ्यांकडे मीच गेले होते, डॉक्टर.”