बाबलीचे पाय

"बाबा, चपला काढा आणि हयसर उभे रवा!" सर्वेश ओरडला आणि त्याने सुकाणूखालच्या फळीकडे बोट दाखवलं.

ओरडून काही उपयोग नव्हता. बाबलीला आठ वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी काढल्यावर कान राहतात कुठे! पण मुलाचं बोट दिसलं, हसू दिसलं, तेव्हा काहीतरी गंमत आहे एवढं त्याला कळलं. हातातला डिझेलचा कॅन खाली ठेवून तो अनवाणी फळीवर उभा राहिला. सर्वेशने मोबाइलवर गाणं लावलं.

बाबलीने दचकून पाय उचलला. मग हळूच परत ठेवला.

"वाजता रे! पायात वाजता!" तो लहान पोरासारखा ओरडला. "मेल्या, ह्या काय केलंस!" आणि त्याचे डोळे भरून आले. मुलापुढे रडायची लाज वाटली म्हणून त्याने तोंड खाडीकडे फिरवलं.

होडीला छोटी केबिन होती. देवबागहून वालावलपर्यंत खाडीतून पाहुणे फिरवायचे, हा बापलेकांचा धंदा. जुना स्पीकर नुसता खरखरायचा, म्हणून सर्वेशने कुडाळहून नवा स्टिरिओ आणला होता. बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, मोठा बॉक्स मागे ठेवा, पाहुणे मागेच बसतात. सर्वेशने ऐकलं नाही. "पावण्यांक कान आसत," तो म्हणाला होता. "माझ्या बापाशीक पाय आसत." आणि बॉक्स त्याने हट्टाने सुकाणूखालच्या फळीलाच आवळून घेतला होता.

ते खोटंही नव्हतं. बहिऱ्याच्या हातात सुकाणू कसलं देता, असं धक्क्यावर चार जण बोलत. बोलणाऱ्यांच्या होड्या वाळूत रुतायच्या, बाबलीची कधी रुतली नाही. पाणी उथळ झालं, इंजिन अडखळलं, सगळं त्याला तळव्यांतून कळायचं. होडीखालच्या पंख्यात जाळं अडकलं की सर्वेश पाण्यात उतरायचा. काम झालं की बाजूला येऊन होडीला तीन ठोके द्यायचा. ठोके पायाला लागले की बाबली इंजिन सुरू करायचा. आठ वर्षांत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. वळून पाहिलं तर मग ह्या पायांचा उपयोग काय, असं तो म्हणायचा. त्याचा तो मोठा अभिमान होता.

सकाळी तो डिझेल आणायला गेला होता, तेव्हा सर्वेशच्या बायकोचा, अनुजाचा फोन आला. नव्या बॉक्समधून गावच्या पालखीचा ढोल घुमला. सर्वेशने हौसेने तीच रिंग ठेवली होती.

"कसो वाजता ओ तुमचो स्पीकर?"

"तुझो फोनच त्येच्यातसून वाजलो गो! आख्खी होडी हलली."

"वालावलाक पोचलात काय फोन करा. नायतर मीच करतलंय."

पहिल्या फेरीला पाहुणे नव्हते, दोघंच होते. बाबली अनवाणी उभा राहून मान डोलवत होता. सर्वेश खाडीपेक्षा सुकाणू धरलेल्या बापाकडेच जास्त बघत होता. एवढा खूश बाप त्याने आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

वालावल एका वळणावर राहिलं आणि बाबलीच्या भुवया आक्रसल्या. त्याने इंजिन बंद केलं. पंख्यात जाळं अडकलं होतं. सर्वेशने नांगर टाकला, कोयती घेतली. गाणं बंद केलं, तेवढी अक्कल त्याला होती. मोबाइल काचेपाशी ठेवून त्याने बापासमोर तीन बोटं धरली.

"माका शिकवतंस?" बाबली गुरगुरला. "तुझ्या जल्माआधीपासून होडी चालवतंय. जा, उतर."

सर्वेश हसला आणि मागच्या बाजूने पाण्यात उतरला.

बाबली चावीवर हात ठेवून उभा राहिला. फळी आता शांत होती. लांबून कोयतीची खरखर तळव्यांना लागत होती, थांबत होती, पुन्हा लागत होती. मग ती थांबली. आणि तीन ठोके लागले. स्पष्ट, खणखणीत, अगदी टाचेखाली. पोरगा आज पायाखालीच येऊन ठोकतोय, असं वाटून म्हातारा हसला. मागे न बघता त्याने चावी फिरवली आणि गियर टाकला.

इंजिनाने एक गचका दिला. पंखा कशाला तरी अडला. ते जाळं नव्हतं. पायांनी ते लगेच सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं. त्याला मागे धावायचं होतं, पण पाय फळीवरून उचलेनात.

तेवढ्यात खालून पुन्हा तीन ठोके लागले.

बाबलीचा जीव भांड्यात पडला. "आसा रे, माझो झील आसा," तो पुटपुटला. "ठोकता मा!" पोराला ओरडून सांगायला म्हणून त्याने मान वर केली.

समोर काचेपाशी मोबाइल उजळला होता. त्यावर अनुजाचा हसरा फोटो होता, आणि पायाखाली ठोके पडत होते. तीन, थोडं थांबून पुन्हा तीन.