वडिवळ्याच्या राईतलं झाड

“मावशी, एकदा नीट बघा,” श्रीपादने चित्राचा कागद पुन्हा धोंडाबाईपुढे धरला. “गुडघ्याएवढं झाड. जांभळी फुलं, थेट खोडातून फुटलेली.”

“न्हाई बा. असलं आमच्या राईत न्हाई,” म्हणत राईतल्या देवीची पूजाअर्चा बघणारी धोंडाबाई देवीपुढचा पालापाचोळा झाडू लागली.

वडिवळ्याच्या वरच्या अंगाची ही देवराई. लढाईसाठी लाकूड हवं म्हणून सरकारने ती तोडायचं ठरवलं होतं. सोमवारी कुऱ्हाडी चालणार होत्या. पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा श्रीपाद आठवडाभर इथे ठाण मांडून होता. या झाडाच्या कुळात जगभरात मिळून तीनच जाती. त्यातली एक चाळीस वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबाला याच राईत मिळाली होती. ती पुन्हा सापडली तर तोड थांबवतो, असा शब्द जंगल खात्याच्या चिंतामणरावांनी दिला होता.

गावाला उगाच आशा कशाला लावा, म्हणून श्रीपादने हे कुणालाच सांगितलं नाही. अभ्यासाला झाड हवंय, एवढंच तो बोलला.

धोंडाबाई बिचारी रोज त्याच्याबरोबर अनवाणी हिंडली. झऱ्याच्या बाजूला मात्र तिने त्याला जाऊ दिलं नाही. “तितं आग्या मोहोळ हाय. फोडून काढत्याल.”

शनिवारी श्रीपादने हाय खाल्ली आणि पुणं गाठलं. कॉलेजच्या बागेत कुंडीत त्याच जातीचं एक झाड होतं, दूर दक्षिणेतून आणलेलं. ते पिशवीत लपवून तो परत आला आणि रविवारी उजाडता उजाडता राईत लावून मोकळा झाला. जन्मात कधी खोटा शेरा न लिहिलेला माणूस तो. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

दहाच्या सुमारास चिंतामणराव शेवटची पाहणी करायला आले. झाडापाशी उकिडवे बसले आणि बोटाने माती उकरली.

“श्रीपादराव, रानातल्या झाडाच्या मुळ्या अशा गोल गोल फिरत नाहीत. कुंडीतल्या फिरतात.”

श्रीपादची मान खाली गेली. “राई वाचावी असं फार वाटत होतं हो.”

“मलाही वाटत होतं. पण हे कागदावर कसं लिहू? उद्या तोड होणार. आणि तुमच्या प्रिन्सिपॉलना मला कळवावं लागेल.”

धोंडाबाई मागेच उभी होती. “म्हंजे ह्ये झाड असलं, तर राई ऱ्हाती व्हय?”

“राहिली असती, मावशी,” चिंतामणराव म्हणाले.

“मग आदी न्हाई का सांगायचं?” ती श्रीपादवर चिडलीच. “मागं एका सायबाला आमच्या सासऱ्यानं बोट दाखवलं, तर त्यानं पोती भरून न्येली. तवापास्नं आमच्यात कुनी बोट दाखवीत न्हाई. न्येनारे लय आले. लावनारा तुमीच पयला. सकाळी बघत व्हते मी.”

पदर खोचून ती झऱ्याच्या बाजूला निघाली. दोघे तिच्यामागे गेले.

“मावशी, मोहोळ?” श्रीपाद थबकला.

“कसलं मोहोळ?”

तिने दोन्ही हातांनी झुडपं बाजूला सारली. पलीकडचा अख्खा उतार, पार झऱ्यापर्यंत, जांभळा झाला होता.