दुसरी प्लेट

नमुन्यातले जंतू वाढवायची प्लेट लॅबच्या बाहेर न्यायची नाही, हा नियम लॅबच्या बाईंनीच ठसठशीत अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला होता. आज त्याच बाई प्लेटच्या झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून, तीन जिने चढून आयसीयूच्या दारात उभ्या होत्या. लिफ्टची वाट बघायला त्यांना सवड नव्हती.

मोठे डॉक्टर राउंड संपवून बाहेर येत होते. बाईंनी प्लेट थेट त्यांच्या नाकासमोर धरली.

"सात नंबर. तुमचा फ्लूचा पेशंट, व्हेंटिलेटरवरचा. त्याच्या फुफ्फुसातून काढलेल्या नमुन्यात बुरशी आहे."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. प्लेटमध्ये राखी-हिरवी लव उगवली होती.

"बाई, बुरशी हवेत असतेच. तुमच्या एसीतून पडली असेल."

"माझ्या एसीला नावं ठेवू नका. हवेतली असती तर कुठंही पडली असती, कडेला, कोपऱ्याला. मी तारेनं नमुना पसरला ना, त्या रेघा बघा. नेमकी रेघांवरच उगवलीय. रेघ सोडून एक ठिपका दाखवा!"

डॉक्टरांनी प्लेट हातात घेतली, उजेडाकडे फिरवली. ठिपका सापडला नाही. तरी गडी हटेना.

"फ्लूनं त्याची फुफ्फुसं पोखरलीत, बुरशी शिरलीही असेल. पण बुरशीवरचं औषध लिव्हरला जड जातं, आणि त्याचं लिव्हर आधीच मेटाकुटीला आलंय. एका प्लेटवर मी नाही देणार. दोनदा आली असती, तर लगेच दिलं असतं."

दाराशेजारच्या बाकावर सात नंबरची बायको बसली होती. नऊ दिवस तिचा मुक्काम तिथंच होता. ती उठून उभी राहिली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा रिपोर्ट चुकला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्याचा त्यांना तोरा होता आणि तो लपवायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

"दोनदा आलीय," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दाम खाली आणला नाही. "चार दिवसांपूर्वीच्या नमुन्यातही होती. दोनच ठिपके, पण रेघेवरच. मी ती प्लेट फेकली."

"फेकली?"

"हवेतली म्हणून. आम्ही सगळेच फेकतो. 'काही आढळलं नाही' असा रिपोर्ट माझ्याच सहीनं तुमच्याकडे आलाय."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "हे लेखी द्याल?"

बाईंनी एप्रनच्या खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. तो त्यांनी खालूनच लिहून आणला होता.

डॉक्टरांनी उभ्या उभ्या वाचला आणि आत वळले. "सिस्टर, सात नंबरला बुरशीवरचं इंजेक्शन. पहिला डोस आत्ता, माझ्यासमोर. आणि लिव्हरची तपासणी रोज."

दार बंद झालं. बाईंना आता जाता आलं असतं, पण त्या गेल्या नाहीत. सात नंबरची बायको समोर येऊन उभी राहिली होती.

"चार दिवस," ती म्हणाली.

"हो."

"चार दिवस मी इथं सगळ्यांना विचारत होते, ताप का उतरत नाही म्हणून."

बाईंना फार वाईट वाटलं. पण मान खाली घालणं त्यांना जमलं नाही. "माझ्यामुळं गेले ते दिवस. आता मात्र बरोबर औषध सुरू झालंय. ते मी खात्रीनं सांगते."

तिनं आयसीयूच्या बंद दाराकडे पाहिलं.

"उद्या परत नमुना घेतील ना?"

"घेतील."

"तो तुम्हीच बघायचा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही."